वर्षभर बंद पडले नाही, म्हणजे भरवशाचे?

शिरवळ-खंडाळा पट्ट्यात गोदरेजचे फ्रिज तयार होतात, एशियन पेंट्सचे रंग तयार होतात, आणि भोवती लहानमोठे अनेक कारखाने आहेत. आजच्या कारखान्यात टाकी किती भरली हे सेन्सर मोजतो, व्हॉल्व्ह कधी बंद करायचा हे पीएलसी हा नियंत्रक संगणक ठरवतो, आणि कामगाराचा हात मध्ये आला की प्रेस मशीन थांबते. मोजणे, ठरवणे आणि हलवणे एकत्र गुंफलेल्या अशा यंत्रणांना सायबर-फिजिकल यंत्रणा म्हणतात. त्यांच्याविषयीचा सर्वांत पक्का गैरसमज म्हणजे, सुटे भाग नामांकित कंपनीचे आणि प्रोग्रॅम बिनचूक असला की यंत्रणा भरवशाची झाली. प्रत्यक्षात धोका असतो तो हे भाग जिथे एकमेकांना आणि बाहेरच्या पाण्या-पोलादाला जोडलेले असतात तिथे.

अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातील टॉम सॉक जलविद्युत प्रकल्पात हे स्पष्ट दिसले. तिथे डोंगरावरच्या जलाशयात पंपाने पाणी चढवले जाई. पाण्याची पातळी मोजणारे सेन्सर ज्या नळ्यांत बसवले होते, त्या नळ्यांची पकड सुटली आणि त्या वर सरकल्या. सेन्सर ठीक होते, प्रोग्रॅमही सांगितले तेच करत होता. पण पडद्यावरची पातळी खऱ्या पातळीपेक्षा कमी दिसू लागली. हे आधी लक्षात आले होते, तरी नळ्या पक्क्या न करता आकड्यातच दुरुस्ती केली गेली. 14 डिसेंबर 2005 रोजी पहाटे जलाशय ओसंडला आणि बांध फुटला. खाली राहणारे पाच जणांचे कुटुंब पाण्याबरोबर वाहत गेले. सुदैवाने सगळे वाचले. ‘पण जोडीला दुसरा सेन्सर असतोच की,’ असे यावर म्हटले जाते. तिथेही असे राखीव सेन्सर होते. मात्र ते बांधाच्या माथ्याच्या सर्वांत खालच्या भागाच्याही वर बसवलेले होते, त्यामुळे पाणी त्यांना टेकण्याआधीच बाहेर पडले. राखीव व्यवस्था खरोखर चालवून तपासली नाही, तर ती फक्त कागदावर असते. माणूस देखरेखीला बसवणे हाही पुरेसा उपाय नाही, कारण तोही पडद्यावरचा तोच चुकीचा आकडा पाहत असतो.

दुसरा गैरसमज अनुभवी मंडळींचाही असतो: ‘वर्षभरात एकदाही बिघाड नाही, आणखी काय पुरावा हवा?’ इथे गणित निर्दय आहे. 8,760 तास बिघाडाविना गेले, तर 95 टक्के खात्रीने एवढेच म्हणता येते की बिघाडाचा दर वर्षाला सरासरी तीनपेक्षा जास्त नाही. ज्या बिघाडात हात जाऊ शकतो, तिथे वर्षाला तीन ही मर्यादा कोण मान्य करील? म्हणूनच आयईसी 61508 हे आंतरराष्ट्रीय मानक केवळ चाचणीवर विसंबत नाही. धोका कोणता, तो किती टाळायचा, रचनेत काय केले, बदल कोणी तपासला, या सगळ्याचा लेखी पुरावा ते मागते.

‘आमची मशीन इंटरनेटला जोडलेली नाहीत,’ हा दिलासाही अपुरा आहे. 2010 मध्ये उघडकीस आलेला स्टक्सनेट हा संगणकी विषाणू पेनड्राइव्हवरूनही पसरत होता, आणि इराणमधील सेंट्रिफ्यूज बिघडत असताना नियंत्रण कक्षाला सारे सुरळीत दिसेल अशी सोय त्याने केली होती.

लहान उद्योजकांचा आक्षेप खर्चाचा आहे, आणि तो खोटा नाही. मानकाचे पूर्ण प्रमाणपत्र महाग पडते. पण सेफ्टी सेन्सर ठरावीक मुदतीने मुद्दाम ट्रिप करून मशीन खरोखर थांबते का हे पाहायला, पडद्यावरची पातळी हाताने मोजून ताडायला, प्रोग्रॅममधला बदल वहीत नोंदवायला पैसे नव्हे, शिस्त लागते. सर्वांत घातक सवय म्हणजे प्रॉडक्शन अडू नये म्हणून सेन्सर ‘तात्पुरता’ बायपास करणे. तो मग महिनोन्‌महिने तसाच राहतो. शिरवळच्या प्रत्येक कारखान्याच्या व्यवस्थापकाने आणि मेंटेनन्स प्रमुखाने आज कोणते सेन्सर बायपास आहेत, कोणाच्या सहीने आणि कधीपर्यंत, याची यादी या आठवड्यातच करून घ्यावी.