बेंतो आणि आपल्या मुलांचा डबा

पाच वर्षांची एक मुलगी आईबरोबर दवाखान्यात आली. तक्रार नेहमीचीच होती. वजन वाढत नाही, चिडचिड करते, शाळेतून आली की गळून जाते. रक्त तपासले, हिमोग्लोबिन ८.४ भरले. "पण डॉक्टर, डबा तर रोज रिकामा आणते हो," असे आई म्हणाली. मुलीला विश्वासात घेऊन विचारले, तेव्हा उलगडा झाला. मोठ्या पोळीचे तुकडे करून भाजीबरोबर खाणे तिला एकटीला जमत नव्हते. तेवढ्यात सुट्टी संपे आणि आई रागावेल या भीतीने ती डबा कचऱ्याच्या बादलीत उपडा करीत असे.

त्याच सुमारास एका पालकांनी जपानी डब्यांची छायाचित्रे दाखविली. भाताचे अस्वल, गाजराची फुले, समुद्रशैवालाचे डोळे. "आम्हीही असे करावे का?" हा त्यांचा प्रश्न. त्याचे उत्तर जरा सविस्तर द्यावेसे वाटते.

या डब्याला जपानीत बेंतो म्हणतात. शेतावर, प्रवासात वा नाटकाच्या मध्यंतरात खाण्याची ही शिदोरी तेथे शतकानुशतके चालत आली आहे. जपानमधील बहुतेक सार्वजनिक प्राथमिक शाळांत जेवण शाळाच देते, त्यामुळे मुलांचा बेंतो हा मुख्यतः बालवाडीच्या वयाचा विषय आहे. घरापासून प्रथमच दूर बसलेल्या मुलाला कोणी न भरविता जेवता यावे, हा त्याचा हेतू. म्हणून प्रत्येक पदार्थ एका घासाचा, बोटांनी उचलता येईल असा, न गळणारा असतो. त्या छोट्या मुलीला नेमके हेच हवे होते.

दुसरी गोष्ट मापाची. तेथील आहारतज्ज्ञ डब्याचे सहा भाग कल्पून तीन भाग भात, एक भाग मासा, अंडे वा सोयाबीनचा पदार्थ आणि दोन भाग भाज्या असे प्रमाण सांगतात. असा डबा नीट भरला की तो जितक्या मिलिलिटरचा, साधारण तितक्याच कॅलरी त्यातून मिळतात. आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार ४ ते ६ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १३६० कॅलरी लागतात. त्याचा तिसरा हिस्सा, म्हणजे साडेचारशे, हे पूर्ण जेवण झाले. छोट्या सुट्टीच्या खाऊला त्याच्या निम्मेही पुरे. घरचा स्टीलचा डबा एकदा पाण्याने भरून मोजून पाहावा. पुष्कळदा तो मुलाच्या नव्हे, वडिलांच्या भुकेचा निघतो! आपल्या शाकाहारी घरांत मात्र कडधान्याचा वाटा एका भागावरून दीड-दोन भागांवर न्यावा, असे माझे मत आहे.

कारण आपला खरा प्रश्न लोहाचा आहे. २०१६ ते २०१८ या काळातील राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात ५ ते ९ वर्षांच्या मुलांपैकी २४ टक्के, तर १ ते ४ वर्षांच्या बालकांपैकी ४१ टक्के रक्तक्षयी आढळली. जॅम-ब्रेड, नूडल्स वा बिस्किटांचा पुडा येथे काहीच कामाचा नाही. आणि उपाय आपल्या धारवाडी स्वयंपाकघरातच आहे. मटकीत शंभर ग्रॅममागे सुमारे आठ मिलिग्रॅम लोह असते, ज्वारीत सुमारे चार. वनस्पतिजन्य लोह सहजी शोषले जात नाही, पण सोबत क जीवनसत्त्व असेल तर शोषण लक्षणीय वाढते. म्हणून मोड आलेल्या मटकीच्या सुक्या उसळीवर लिंबू पिळावे आणि पेरूची फोड ठेवावी. डब्याआधी वा नंतर चहा मात्र देऊ नये. मऊ भाकरी दुपारपर्यंत वातड होते, त्यापेक्षा रुपयाएवढी छोटी थालिपिठे किंवा आपल्याकडची कडक भाकरी मोडून शेंगाचटणीबरोबर द्यावी. कुरकुरीत म्हणून मुले ती आवडीने खातात. पांढरा भात, तपकिरी मटकी, केशरी गाजर, लालसर चटणी ही रंगसंगती आपोआपच साधते.

राहिला चेहऱ्यांचा प्रश्न. अ‍ॅन अ‍ॅलिसन या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंचा मुलगा जपानी बालवाडीत होता. १९९१ साली त्यांनी लिहिलेल्या निबंधात या सुंदर डब्यांमागे आईवर पडणाऱ्या सामाजिक दडपणाचा विचार आहे. पहाटे उठून भाताची अस्वले घडविण्याची सक्ती आपल्या आयांवर येऊ नये, असे मला मनापासून वाटते. हौस असेल तर वाढदिवसाला जरूर करावे.

दोन धोके मात्र सांगितलेच पाहिजेत. पाच वर्षांखालील मुलांना अख्खे शेंगदाणे देऊ नयेत. द्राक्षे व छोटे टोमॅटो उभे चिरून चार फोडी कराव्यात. २०२० साली जपानमध्येच बालवाडीत द्राक्ष घशात अडकून चार वर्षांचा मुलगा दगावला. सजावटीच्या टोकदार काड्याही नकोत. दुसरा धोका उष्णतेचा. गरम भातावर झाकण लावले की वाफ आत कोंडते आणि कोमट, ओलसर डब्यात बॅसिलस सेरियससारखे जंतू वाढतात. जपानी गृहिणी अन्न पूर्ण निवल्यावरच झाकण लावते. आपल्याकडे गरम भरण्यातच माया मानतात, पण मार्च-एप्रिलमध्ये ताटात पसरून, वाफ जाऊ देऊन मगच भरलेले बरे.

एक गोष्ट मनात सलते. २००२ मध्ये सुरू झालेल्या अक्षर दासोह योजनेमुळे सरकारी शाळेतील मूल पंगतीत बसून गरम भात-सांबार जेवते. त्याच वयाचे आपले मूल खासगी शाळेच्या बाकावर दहा मिनिटांत एकटे डबा उरकते. मुलांनी एकत्र बसावे आणि एखाद्या शिक्षिकेने त्यांच्याकडे नजर टाकावी, एवढे आपल्या शाळांना सांगता येईल. सदस्य-डॉक्टरांपैकी अनेक जण शालेय तपासणीला जातात, त्यांनी डबेही उघडून पाहावेत.

त्या मुलीचा रक्तक्षय अर्थात डब्याने बरा होणारा नव्हता. जंताचे औषध आणि तीन महिने लोहाचे औषध दिले, डब्याचे घास लहान केले. हिमोग्लोबिन ११.६ वर आले आहे. मटकी आवडते. गाजर मात्र ती अजून बाकावरच्या मैत्रिणीला देऊन टाकते.