पोलंड आणि युरोपीय संघ : शेवटचा शब्द कोणाचा?

१ मे २००४ रोजी पोलंड युरोपीय संघाचा सदस्य झाला. तेव्हापासून या देशाविषयीच्या बातम्या आमच्या वाचकांपर्यंत तुकड्यातुकड्यांनी येत राहिल्या आहेत. कधी न्यायालयाने ठोठावलेल्या दंडाची, कधी निर्वासितांवरून झालेल्या वादाची, तर कधी ख्रिस्ती वारशाच्या उल्लेखाची. 'श्रद्धावंत पोलंड विरुद्ध निधर्मी युरोप' अशी त्यांची सोपी मांडणी अनेकदा केली जाते. आम्हाला ती अपुरी वाटते.

पोलंड आपल्याला अगदीच परका नाही. दुसऱ्या महायुद्धात परागंदा झालेल्या सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांना, त्यातही प्रामुख्याने स्त्रिया व मुलांना, कोल्हापूरजवळ वळिवडे येथे आश्रय मिळाला होता. १९९८ साली आपल्या वसई धर्मप्रांताची स्थापना करणारे संत पोप दुसरे जॉन पॉल हेही त्याच भूमीचे सुपुत्र.

युरोपीय संघ म्हणजे केवळ व्यापारी करार नव्हे. ९ मे १९५० रोजी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबर्ट शुमान यांनी फ्रान्स व जर्मनीचे कोळसा आणि पोलाद उत्पादन एका सामाईक यंत्रणेखाली आणण्याचा प्रस्ताव मांडला. युद्धाची सामग्री ज्यातून बनते तेच सामाईक झाले, तर युद्ध करणार कसे, हा त्यामागचा विचार. शुमान हे नित्य मिस्सेला जाणारे श्रद्धावंत होते. २०२१ साली पोप फ्रान्सिस यांनी त्यांना 'वंदनीय' घोषित केले. सदस्य राष्ट्रे आपल्या सत्तेचा काही भाग स्वेच्छेने संघाच्या स्वाधीन करतात आणि तेवढ्या विषयांपुरते सामाईक कायदे पाळतात. जे काम लहान समाजघटकाला करता येते, ते मोठ्या घटकाने बळकावू नये, हे पोप अकरावे पायस यांनी १९३१ साली मांडलेले तत्त्वही पुढे १९९२ च्या मास्ट्रिख्ट करारात आले.

साम्यवादी राजवट कोसळल्यानंतर पोलंडने १९९४ साली सदस्यत्वासाठी अर्ज केला. तेथील ख्रिस्तसभेत तेव्हा एकमत नव्हते. कार्डिनल ग्लेम्प यांच्या नेतृत्वाखाली महागुरूंचे शिष्टमंडळ १९९७ साली ब्रुसेल्सला जाऊन आल्यावर धर्माधिकाऱ्यांचा सूर बराच अनुकूल झाला. परंतु 'रेडिओ मारिया' या प्रभावी कॅथलिक नभोवाणीवरून टीका होतच राहिली. शेतकऱ्यांना आपल्या जमिनी परकीय विकत घेतील ही भीती होती. अशा वेळी, १९ मे २००३ रोजी, रोममध्ये आलेल्या पोलिश भाविकांपुढे पोप महोदयांनी १५६९ सालच्या लुब्लिन येथील पोलंड-लिथुआनिया एकीकरणाचा दाखला दिला. तेथून युरोपीय संघापर्यंतची वाट ही आपल्याच इतिहासाची वाट आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. तीन आठवड्यांनी झालेल्या सार्वमतात ५८.८५ टक्के मतदान झाले आणि त्यापैकी ७७.४५ टक्के मते सदस्यत्वाच्या बाजूने पडली.

पोप महोदयांचा पाठिंबा मात्र आंधळा नव्हता. संघाच्या नियोजित संविधानात ख्रिस्ती वारशाचा उल्लेख असावा, असा त्यांचा आग्रह होता. तो मान्य झाला नाही. २००४ साली स्वाक्षरी झालेल्या मसुद्याच्या प्रास्ताविकात सांस्कृतिक, धार्मिक व मानवतावादी वारसा एवढेच मोघम शब्द आले. ज्या खंडात गावोगावी चर्चचे मनोरे उभे आहेत, तेथे या एका शब्दाचा इतका संकोच का वाटावा, हे आम्हाला आजही उमगत नाही.

सदस्यत्वाची फळे संमिश्र होती. शेतकऱ्यांना थेट अनुदान मिळू लागले. प्रारंभी ते जुन्या सदस्य राष्ट्रांच्या केवळ २५ टक्के होते आणि टप्प्याटप्प्याने वाढत गेले. रस्ते झाले, शहरे पालटली. त्याच वेळी ब्रिटन, आयर्लंड व स्वीडनने आपला रोजगार खुला करताच लाखो तरुण देश सोडून गेले. तेथील ओस पडत चाललेल्या चर्चमधून पोलिश भाषेत मिस्सा होऊ लागल्या; इकडे आजीआजोबांपाशी राहिलेल्या मुलांना 'युरो-अनाथ' असे नाव पडले. आखाती देशांतून येणाऱ्या पैशांवर घर चालवणाऱ्या आपल्याकडील कुटुंबांना या शब्दाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

खरा पेच निराळाच होता. संघाचा कायदा आणि राष्ट्राचे संविधान यांत विरोध आला तर श्रेष्ठ कोण? लक्झेंबर्ग येथील संघाच्या न्यायालयाने १९६४ पासून संघाच्या कायद्याला अग्रक्रम दिला आहे. पोलंडच्या संविधान न्यायाधिकरणाने २००५ साली वेगळे सांगितले: संविधानच श्रेष्ठ आहे; विरोध आलाच तर संविधान बदलावे, संघाचा कायदा बदलून घ्यावा किंवा संघ सोडावा.

२०१५ नंतर 'कायदा आणि न्याय' पक्षाच्या सरकारने न्यायाधीशांच्या नेमणुका व शिस्तभंगाची पद्धत बदलली, तेव्हा हा पुस्तकी प्रश्न पेटला. ७ ऑक्टोबर २०२१ रोजी न्यायाधिकरणाने संघाच्या करारातील काही तरतुदी संविधानाशी विसंगत ठरवल्या. त्याच महिन्यात संघाच्या न्यायालयाने, शिस्तभंग मंडळ स्थगित न केल्याबद्दल, दररोज दहा लाख युरोंचा दंड लावला. हजारो नागरिक संघाचे निळे ध्वज घेऊन वॉर्साच्या रस्त्यावर उतरले. त्यांतही श्रद्धावंत होते आणि सरकारच्या समर्थकांतही होते. यात ख्रिस्ती धर्माचा प्रश्न कोठे होता? न्यायाधीशाने कोणाला भ्यावे, हा तो प्रश्न होता.

धर्माचा प्रश्न निर्वासितांच्या बाबतीत मात्र होता. सप्टेंबर २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी युरोपातील प्रत्येक धर्मग्रामाला एका निर्वासित कुटुंबाला आसरा देण्याचे आवाहन केले. ख्रिस्ती वारशाची भाषा बोलणाऱ्या पोलिश सरकारने संघाने ठरवलेला वाटा स्वीकारला नाही. २०२० साली न्यायालयाने तो करारभंग ठरवला. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झाले तेव्हा याच देशातील धर्मग्रामांनी व कुटुंबांनी लाखो युक्रेनियनांना घरात घेतले, तेही कोणाच्या आदेशावाचून. पाहुणा कोण आहे यावर दार उघडणे अवलंबून असावे का, हे आम्ही वाचकांवरच सोपवतो.

ऑक्टोबर २०२३ च्या निवडणुकीनंतर डोनाल्ड टुस्क पंतप्रधान झाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये संघाने रोखलेल्या १३७ अब्ज युरोंपर्यंतच्या निधीचा मार्ग मोकळा केला आणि मे महिन्यात पोलंडविरुद्धची शिस्तीची कारवाईही मागे घेतली. मात्र त्याच वर्षी न्यायाधीशांच्या नेमणुकांसंबंधीचे सुधारणा विधेयक अध्यक्ष आंजेय दुदा यांनी स्वाक्षरी न करता संविधान न्यायाधिकरणाकडे धाडले, म्हणजे २०२१ चा तो निकाल देणाऱ्या न्यायाधिकरणाकडेच. २०२५ च्या अध्यक्षीय निवडणुकीत 'कायदा आणि न्याय' पक्षाचा पाठिंबा असलेले कारोल नाव्रोत्स्की ५०.८९ टक्के मते मिळवून विजयी झाले.