साठीनंतरही जमते ई-पीक पाहणी

बपेरा गाव तुमसर तालुक्याच्या धानपट्ट्यातले. पूर्वी इथेही पिकाची नोंद तलाठी करत. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ती शेतकऱ्याने मोबाइलवर ‘ई-पीक पाहणी’ ॲपमध्ये करायची आहे. गट क्रमांक निवडायचा, पीक व क्षेत्र भरायचे, बांधीत उभे राहून फोटो काढायचा. ‘म्हातारपणी हे कुठले जमणार, पोरे करतील,’ हा आक्षेप टिकत नाही. पोरे कामासाठी बाहेरगावी असू शकतात. फोटो मात्र शेतातूनच लागतो. शिवाय, मुरबाडजवळच्या फांगण्यात ८ मार्च २०१६ला सुरू झालेल्या शाळेत साठी ओलांडलेल्या आजीबाई अक्षरे गिरवायला शिकल्या. म्हणजे अडसर वयाचा नाही, सरावाचा आणि धीराने शिकवणाऱ्याचा आहे. नातवंडांनी फोन हातातून काढून घेऊ नये. आजोबांनाच बटण दाबू द्यावे.