समतोल आणि समता

बी. ए.च्या पहिल्या वर्षाला सूक्ष्म अर्थशास्त्र शिकवताना एक चूक उत्तरपत्रिकांत दरवर्षी हमखास सापडते. ‘समतोल किंमत म्हणजे काय?’ ह्या प्रश्नाला काही विद्यार्थी लिहितात, ‘ज्या किंमतीला घेणाऱ्याला आणि विकणाऱ्याला, दोघांनाही न्याय मिळतो ती किंमत.’ मी त्यावर तांबडी फुली मारतो आणि गुण कापतो. परंतु ही चूक भाषेने करायला लावलेली आहे. समतोल आणि समता हे शब्द एकाच घरातले वाटतात. ज्यांच्या आज्या-आजोबांनी समतेसाठी मार खाल्ला त्या मुलांना तर ते तसे अधिकच वाटावेत, ह्यात नवल नाही.

शास्त्रातल्या समतोलाचा न्यायाशी संबंध नाही. ज्या स्थितीत कोणालाही आपले वागणे बदलण्याचे कारण उरत नाही, ती स्थिती म्हणजे समतोल. एखाद्या किंमतीला जेवढा माल विकायला आला तेवढाच घेतला गेला, की किंमत तेथे थांबते. बाजाराच्या दाराशी उपाशी उभा असलेला माणूस ह्या हिशेबात येत नाही. कारण मागणी म्हणजे नुसती इच्छा नव्हे, तर इच्छा, पैसे देण्याची ऐपत आणि ते देण्याची तयारी, ही तिन्ही एकत्र. भूक आहे आणि पैसा नाही, म्हणजे मागणी शून्य. पहिल्यांदा ही व्याख्या वाचली तेव्हा मला पुस्तक फेकून द्यावेसे वाटले होते. आज वाटते की ही व्याख्या निदान प्रामाणिक आहे. बाजार कोणाला मोजतो आणि कोणाला मोजत नाही हे ती लपवून ठेवत नाही.

आपल्या चळवळीतील काही कार्यकर्ते ह्या विषयाला भांडवलदारांची पोथी म्हणून बाजूला सारतात. मला ही भूमिका मान्य नाही. ज्या शास्त्रात बाबासाहेबांनी कोलंबियात आणि लंडनमध्ये पदव्या मिळवल्या, जे त्यांनी १९१८ ते १९२० ह्या काळात मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात शिकवले, ते शास्त्र आपण न वाचताच नाकारणे हा आळस आहे. मात्र ते गृहीतकांकडे बोट ठेवून वाचले पाहिजे. प्रत्येक नियमाच्या शेपटीला ‘इतर परिस्थिती कायम असता’ असे एक वाक्य बांधलेले असते. विद्यार्थी ते मंत्रासारखे पाठ करतात. आपल्या समाजाचा सगळा इतिहास त्या ‘इतर परिस्थिती’त आहे.

पाण्याचेच पाहा. ॲडम स्मिथने १७७६च्या आपल्या ग्रंथात एक कोडे मांडले. पाण्यावाचून जगता येत नाही, तरी त्याला किंमत जवळजवळ नाही. हिऱ्याचा उपयोग थोडा, तरी त्याची किंमत अफाट. पुढे सीमांत उपयोगितेच्या सिद्धांताने हे कोडे सोडवले. तहानलेल्याला पाण्याचा पहिला पेला अमोल वाटतो, दुसरा कमी, पाचवा नकोसा. किंमत पहिल्या पेल्यावर ठरत नाही, शेवटच्या पेल्यावर ठरते. आणि पाणी विपुल असल्यामुळे शेवटच्या पेल्याची उपयोगिता नगण्य असते. उत्तर बिनतोड आहे. त्याच्या आगेमागेच पाठ्यपुस्तकात मुक्त वस्तूंचे प्रकरण असते. जी निसर्गात विपुल असते आणि जिच्यासाठी किंमत मोजावी लागत नाही ती मुक्त वस्तू. उदाहरणे ठरलेली: हवा, सूर्यप्रकाश, नदीचे पाणी.

येथे मी वर्गात थांबतो. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी विपुल होते. त्याला पैसे पडत नव्हते. मुंबई विधिमंडळाने १९२३ साली बोले ठराव करून सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले होते आणि महाडच्या नगरपालिकेनेही आपले तळे खुले असल्याचे ठरवले होते. तरीही २० मार्च १९२७ रोजी ते पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, नंतर मार खावा लागला, आणि पाण्याचा हक्क न्यायालयात पक्का व्हायला १९३७ साल उजाडले. अशी वस्तू कोणत्या प्रकरणात घालायची? तिला किंमत नाही, म्हणून ती आर्थिक वस्तू नव्हे. ती मिळत नाही, म्हणून मुक्तही नव्हे. टंचाई निसर्गाने केलेली असते किंवा उत्पादन अपुरे असते, एवढेच पुस्तकाला ठाऊक आहे. माणसाने माणसासाठी मुद्दाम निर्माण केलेली टंचाई त्यात बसत नाही.

मजुरीच्या प्रकरणात तर ही फट आणखी रुंदावते. स्मिथचेच मत असे की घाणेरड्या, धोक्याच्या किंवा अप्रतिष्ठेच्या कामाला मजुरी जास्त द्यावी लागते, नाहीतर ते करायला कोणी येणार नाही. फाशी देणाऱ्या मांगाच्या कामाचे (त्याच्या देशात हे काम जातीचे नव्हते, मराठीत मात्र शब्दच जातीचा आला, हे ध्यानात घ्यावे) उदाहरण देऊन तो सांगतो, की सर्वांत तिरस्कृत असलेल्या ह्या कामाला श्रमाच्या मानाने मोबदला अधिक मिळतो. तर्क सरळ आहे. मग आपल्याकडे गटारात उतरणाऱ्याची मजुरी शहरात सर्वांत मोठी असायला हवी होती. ती तशी का नाही? कारण तो तर्क एका गृहीतकावर उभा आहे: काम सोडून दुसरीकडे जाण्याची मोकळीक. श्रमाची गतिशीलता असे त्याला पुस्तकात नाव आहे. जेथे जन्मानेच काम ठरते आणि दुसरी दारे बंद असतात, तेथे काम घाण आहे म्हणून माणसे कमी पडत नाहीत, आणि माणसे कमी पडत नाहीत म्हणून मजुरी चढत नाही. १९९३ आणि २०१३ असे दोन कायदे झाले. गटारातील मृत्यूंची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दहा लाख आणि २०२३ साली तीस लाख ठरवली. म्हणजे मेल्यानंतरची किंमत न्यायालयाला ठरवावी लागली. जिवंतपणीच्या श्रमाची किंमत बाजाराने ठरवली, आणि कशी ठरवली ते आपण पाहतोच.

ह्यावर अर्थशास्त्राजवळ एक उत्तर आहे आणि ते नीट समजून घेतले पाहिजे. गॅरी बेकर ह्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९५७ साली भेदभावाच्या अर्थशास्त्रावर पुस्तक लिहिले. त्याच्या विचाराचे सार आकड्यांत सांगतो. दोन कामगार दिवसाला सारखेच, समजा ६०० रुपयांचे काम करतात. एकाला ५०० मजुरी मिळते, दुसऱ्याला जातीमुळे ४००. मग जो मालक जात न पाहता दुसऱ्याला कामावर घेईल त्याला रोज शंभर रुपये जास्त नफा होईल. त्याचा धंदा वाढेल, जातीयवादी मालक स्पर्धेत मागे पडेल, दुसऱ्या कामगाराला मागणी येऊन त्याची मजुरीही ५००वर जाईल. थोडक्यात, स्पर्धा भेदभाव खाऊन टाकील. वर्गातल्या हुशार मुलांना हे फार आवडते.

पण तसे घडलेले दिसत नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले होते. फरक फक्त नावांचा होता. दलित आडनावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय आडनावाच्या मानाने सुमारे दोन-तृतीयांशच निघाली. ज्यांना फुकटचा नफा दिसायला हवा होता त्या मालकांनी तो का सोडला?

जॉर्ज अॅकरलॉफने १९७६च्या एका लेखात जातीचाच दाखला घेऊन ह्याचा उलगडा केला आहे. बेकरच्या गणितात मालक आणि मजूर दोघेच असतात. अॅकरलॉफ तिसऱ्याला आत आणतो: गावाला. जो रूढी मोडील त्याच्यावर बहिष्कार, आणि बहिष्कृताशी जो व्यवहार ठेवील त्याच्यावरही बहिष्कार. आता वाण्याचा हिशेब बदलतो. एका दलित गिऱ्हाइकाला ओट्यावर घेऊन त्याला दोन रुपये मिळतील, पण बाकीचे गाव दुकानाकडे पाठ फिरवील. मनातून त्याला जात मान्य नसली तरी तो ती पाळणार. सगळेच असा हिशेब करतात, म्हणून रूढी मोडत नाही. कोणालाही आपले वागणे एकट्याने बदलण्याचे कारण उरत नाही. आणि हीच तर समतोलाची व्याख्या होती. गावकुसाची व्यवस्था पुस्तकी अर्थाने पूर्ण समतोलात होती. माझी आजी सांगे, दुकानदार तिचे नाणे जमिनीवर ठेवायला लावी आणि पाणी शिंपडून उचली. त्या व्यवहारात मागणी होती, पुरवठा होता, किंमत होती, आणि दोन्ही बाजूंनी ती मान्य केलेली होती.

असा समतोल एकट्या भल्या माणसाने मोडत नाही. तो एकटाच बुडतो. पुरेशी माणसे एकाच वेळी वेगळी वागली तरच हिशेब उलटतो. महाडला एका माणसाने गुपचूप ओंजळभर पाणी प्यायले असते तर काय झाले असते, आणि हजारोंनी एकत्र जाऊन प्यायल्याने काय झाले, हा फरक मी हल्ली ह्याच प्रकरणात शिकवतो.

अभ्यासक्रमात नसलेली आणखी एक गोष्ट मी वर्गात नेतो. बाबासाहेबांचा भारतातील लहान शेतजमिनींवरचा १९१८चा निबंध. शेत लहान आहे म्हणून शेती तोट्यात, असे तेव्हा सगळेच म्हणत. बाबासाहेबांनी विचारले, लहान कशाच्या मानाने? जमीन, श्रम, भांडवल ह्या उत्पादन घटकांचे प्रमाण जुळते की नाही, हा खरा प्रश्न. भांडवल नसेल तर दोन एकरसुद्धा मोठेच, आणि शेतावर रिकामे पडलेले हात हाच खरा रोग. उपाय म्हणून त्यांनी उद्योगीकरण सुचवले. बदलत्या प्रमाणांच्या नियमाचे एवढे चांगले उदाहरण पाठ्यपुस्तकात नाही. महाराष्ट्र शासनाने १९७९ साली काढलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या पहिल्याच खंडात हा निबंध आहे, आणि त्याच खंडात जातिनिर्मूलनावरचे ते भाषणही, ज्यात जातीमुळे माणसाला धंदा बदलता येत नाही आणि त्यातून बेकारी कशी वाढते हे त्यांनी दाखवले आहे. आमच्या ग्रंथालयात त्या खंडाची एकच प्रत आहे. गेल्या सत्रात तिच्या मागच्या कार्डावर अकरा सह्या होत्या.