हलत्या चित्रातून अनुक्रमाचा पाठ
संगणकावर हलते चित्र रचणे ही निव्वळ करमणूक, असा समज पालघर-बोईसर परिसरातील शिक्षकांनी बाळगू नये. तारपा नृत्यातील वारली आकृती यास फार सोयीची आहे: टोकाशी टोक जुळलेले दोन त्रिकोण व रेषांचे हातपाय, रेषा बदलली की पाऊल पडते. ‘स्क्रॅच’ या २००७ साली प्रसिद्ध झालेल्या विनामूल्य प्रणालीत विद्यार्थी अशा चार आकृत्या क्रमाने दाखवितो. मध्ये थांबण्याची आज्ञा राहिल्यास नर्तक नाचण्याऐवजी थरथरतो. ही चूक शिक्षकाने सुधारू नये. ती मुलासच शोधू द्यावी. दादासाहेब फाळके यांनीही ‘राजा हरिश्चंद्र’पूर्वी (१९१३) वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चित्र टिपूनच दाखविली होती. संगणक नसल्यास वहीच्या कोपऱ्यांवर आकृत्या काढून पाने भराभर उलटावीत.