धानाच्या बांधीत नाटकघर

यवतमाळकडे आपण कापूस-तुरीची माणसे. धानाच्या मुलखाची ही गोष्ट तरीही ऐका.

वर्धा नदी ओलांडून पूर्वेला झाडीपट्टीत शिरलात, की दिवाळीनंतर धान निघालेल्या बांधीत नाटकघर उभे राहिलेले दिसते. कित्येक ठिकाणी जमीनच उताराने खणतात. रंगमंचाकडे खोल, मागे उथळ. पुढच्याचे डोके मागच्याच्या आड येत नाही. भोवती कनात, वर आभाळ. दिवसा शंकरपट, रात्री नाटक, आणि घरी परतायचे ते उजाडताना! वडसा-देसाईगंज हे या नाटक कंपन्यांचे ठाणे. झाडीपट्टीतलेच नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली.

शहरांनी वेगळी वाट धरली. सांगलीला १८४३ साली विष्णुदास भाव्यांचे 'सीतास्वयंवर' झाले ते राजाश्रयावर; दहा वर्षांत मुंबईत ग्रँट रोडच्या थिएटरात तिकीट लावून मराठी नाटक होऊ लागले. पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर १९६८ चे. पक्की भिंत आली, खुर्ची आली, तसे भाडेही आले.

मग आपल्याकडे शेतात नाटक का रुजले नाही? मला वाटते, कारण पिकात आहे. धानकऱ्याचे शेत नाटकाच्या हंगामात मोकळे होते. आपली पऱ्हाटी आणि तूर तेव्हा उभी असते. त्यात आपली काळी माती, भेगाळणारी. म्हणून आपले नाटक चावडीपुढे, नाहीतर देवळाच्या पटांगणात.

आणि तिथेच आपण चुकतो. मंच उंचवट्यावर बांधतो, माणसे खोलगटात बसवतो. बायाबापड्या कडेवर लेकरू घेऊन सगळ्यांत मागे. त्यांना नटाचा फेटा तेवढा दिसतो! उलट करून पाहा. गावठाणात उताराची जागा शोधा, मंच खालच्या अंगाला घ्या आणि माणसे चढावर बसवा. रात्रीचा वारा मंचाच्या पाठीकडून येईल असे पाहा, म्हणजे शब्द वाऱ्याबरोबर लोकांकडे जातो. खर्च काही नाही, एक सांज फिरावे लागेल.

यवतमाळला ११ जानेवारी २०१९ रोजी साहित्य संमेलन भरले, तेही मैदानावरच्या मांडवात. उद्घाटन केले कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी. शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर मागे राहिलेल्या बायांचे 'तेरवं' हे नाटक. त्यात त्यांनी काम केले होते. असे नाटक उद्या तुमच्या गावी आले, तर मागच्या रांगेतल्या बाईला ते दिसेल अशी जागा आजच हेरून ठेवा.