डबा एकाचा, पथ्यं खोलीभर

१९९५ मध्ये राज्यात मातोश्री वृद्धाश्रम योजना आली. तेव्हापासूनच्या तीस वर्षांत खानदेशातल्या वृद्धाश्रमांत काय बदललं, ते भेटीच्या दिवशीच्या डब्यावरून नीट कळतं.

सुरुवातीला पथ्य म्हणजे ‘गोड कमी, तेल कमी’ एवढंच. जळगाव असो की धुळं, लेक-सून येताना कळण्याची भाकरी, भरीत, शेवभाजी घेऊन यायच्या. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस. डब्याला कुणी अडवत नसे.

पुढे आयुष्यं लांबली, आजार गुंतागुंतीचे झाले. केळं हे जळगावचं घरचं फळ. पण एका मध्यम केळ्यात सुमारे ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. थकलेल्या मूत्रपिंडाला ते बाहेर टाकता येत नाही आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. लकवा झालेल्याचा घास कोरड्या शेवेने श्वासनलिकेत जाऊ शकतो. रक्तदाबवाल्याला बिबड्या-पापडांतलं मीठ भोवतं.

तरी खरी गोम डबा वाटून खाण्यात होती. शेजारच्या खाटेवर ‘घ्या ना, मावशी’ म्हटल्याशिवाय इथे घास उतरत नाही. लेकाला आपल्या आईची शुगर ठाऊक असते. शेजारच्या मावशींच्या मूत्रपिंडाची त्याला काय कल्पना!

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, भेटी थांबल्या. २६ एप्रिलच्या आखाजीला लेकीबाळींना येता आलं नाही. पथ्य सांभाळणं सोपं झालं. पण म्हातारपणी ताट तसंच परत जाणं आणि वजन घटणं हाही आजारच. अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञांच्या संघटनेने तर २००५ मध्येच अशा निवासी संस्थांतली पथ्यं सैल करण्याची बाजू मांडली होती.

तेव्हा डबा बंद करणं हा उपाय नव्हे. तो आधी स्वयंपाकघरात जावा, त्यावर नाव-तारीख पडावी. वैशाखात तर तो तासाभरात संपावा किंवा फ्रिजमध्ये जावा. आमरस हवा असेल तर वाटीभरच, आणि त्या जेवणात भात-पोळी कमी. घरच्यांना ‘काय आणू नका’ याच्या यादीबरोबर ‘खोलीत सगळ्यांना काय चालेल’ हेही सांगावं. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या जळगावच्या वांग्यांचं भरीतच घ्या: मऊ, बिनसाखरेचं. दाणे वगळले, तेल-मीठ-मिरची बेताची ठेवली, तर थोडंथोडं बहुतेकांच्या ताटात जाऊ शकतं.